निवड न झालेल्या खेळाडूची पारख

एखाद्याच्या क्षमतेबद्दल निर्णय घ्यायचा आहे. त्याने आधी केलेल्या कामाची नोंद फारशी हाती नाही. त्यातच तो मोठ्या दुखापतीतून नुकताच उठला आहे. निर्णयाला दिवस थोडे आहेत, आणि निर्णय चुकला तर कुणाचे तरी नुकसान ठरलेले आहे. अशा वेळी काय मोजायचे? कशाशी ताडून पाहायचे? आणि आलेल्या आकड्यांवर किती विसंबायचे?

हे प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीचे आहेत. ते नीट समजून घेण्यासाठी आम्ही एक दूरचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकन फुटबॉल या खेळातला, निवड न झालेला आणि दुखापतीतून परतणारा लाइनमन. खेळ आपल्या ओळखीचा नाही, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचा मोह होत नाही आणि मोजमापाकडे शांतपणे पाहता येते.

पाच जणांची भिंत

आपल्याकडे लाइनमन म्हटले की विजेच्या खांबावर चढणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हा लाइनमन वेगळा. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ असतात. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर पुढे सरकायचे असते. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला आपण ‘चाल’ म्हणू. चाल काही सेकंदांतच संपते.

चाल सुरू होताना चेंडू असलेल्या संघाचे पाच धिप्पाड खेळाडू एका ओळीत वाकून सज्ज असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि दोन कडांना टॅकल. हे पाच जण म्हणजे लाइनमन. (समोरच्या संघाचीही अशीच फळी असते, पण आपण मुख्यतः या पाचांकडे पाहू.) चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत समोरच्यांना पोहोचू द्यायचे नाही आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, हे त्यांचे काम. एकेकाचे वजन साधारण १३५ ते १५० किलो. एवढ्या वजनाचा माणूस तेवढ्याच वजनाच्या माणसाला ढकलतो तेव्हा जो खाली वाकून, पाय रोवून जोर लावतो त्याचे पारडे जड ठरते. हा जोर हातांतून लागलेला दिसला तरी तो येतो पायांतून.

आता अडचण पाहा. धावणाऱ्याने किती यार्ड काटले, झेलणाऱ्याने किती झेल घेतले, याची काटेकोर नोंद होते. २०१३ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा लशॉन मॅकॉय १,६०७ यार्ड धावला. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तो आकडा सर्वाधिक होता. त्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांच्या नावापुढे मात्र असा कोणताही आकडा पडत नाही. त्यांचे काम मोजायचे तर प्रशिक्षकांना चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून, चालीगणिक ‘काम झाले’ किंवा ‘झाले नाही’ अशी खूण करावी लागते.

‘निवड झाली नाही’ म्हणजे काय कळले?

महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू एनएफएलचे ३२ संघ दरवर्षी पाळीपाळीने निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. तो १९३६ साली सुरू झाला आणि १९९४ पासून त्याच्या सात फेऱ्या होतात. सात फेऱ्यांत मिळून सुमारे २६० जणांची निवड होते. उरलेल्यांपैकी काहींना संघ थेट करार करून बोलावतात. उन्हाळ्यात एका संघाला ९० खेळाडू ठेवता येतात, पण ऑगस्टच्या अखेरीस ती यादी ५३ वर आणावी लागते. म्हणजे प्रत्येक संघातून ३७ आणि ३२ संघांतून मिळून १,१८४ जण मुख्य यादीबाहेर पडतात. त्यांतल्या काहींना सराव-चमूत जागा मिळते, बाकीचे घरी जातात.

निवड न होणे हे स्वतः एक मोजमाप आहे असे समजण्याची चूक सहज होते. २६० व्या आणि २६१ व्या खेळाडूच्या क्षमतेत फरक असलाच तर अगदी थोडा असेल. पण एकाच्या नावापुढे ‘निवडलेला’ आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘न निवडलेला’ असा शिक्का बसतो. वर्गात ३५ गुण आणि ३४ गुण यांत जे होते, तेच इथे घडते.

शिवाय ही निवड कशाच्या आधारे होते तेही पाहायला हवे. ड्राफ्टच्या आधी निवडक खेळाडूंची एक सामूहिक चाचणी होते. ती १९८२ साली फ्लोरिडातील टँपा येथे सुरू झाली. प्रत्येक संघाने वेगवेगळी वैद्यकीय तपासणी करण्याऐवजी सर्वांची मिळून एकदाच करावी, हा तिचा मूळ हेतू होता. १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरात होते. तिथे ४० यार्ड (सुमारे ३६.५ मीटर) धावण्याचा वेळ घेतात, २२५ पौंडांचे (सुमारे १०२ किलो) वजन किती वेळा उचलले ते मोजतात, उंच आणि लांब उडी पाहतात, हाताची लांबी मोजतात. पण लाइनमनला सामन्यात सलग ३६ मीटर पळण्याची वेळ क्वचितच येते. त्याच्या कामाला जवळचे माप म्हणजे पहिल्या १० यार्डांचा वेळ. जे मोजायला सोपे आहे तेच कामाला लागते, असे नाही.

जॉन रँडल हा समोरच्या फळीत खेळणारा लाइनमन. १९९० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही निवडले नाही. या जागेसाठी तो लहानखुरा आहे असे मत पडले. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाकडे वजन देताना ते पुरेसे भरावे म्हणून त्याने कपड्यांखाली लोखंडी साखळी बांधली होती, असे सांगतात. २०१० साली त्याची या खेळाच्या मानवंदना दालनात निवड झाली. वजनकाटा अचूकच असतो. पण वजनावरून खेळाची पारख करणे अचूक होते का, हा प्रश्न काट्याने सुटत नाही.

दुखणे थांबणे आणि भरून येणे

आता दुखापतीकडे वळू. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला एका जाड दोरीने जोडलेले असतात. तिला टाचेची कंडरा म्हणतात. आपण एका पायाच्या चवड्यावर उभे राहतो तेव्हा तिच्यावर किती ताण येतो याचा हिशेब तरफेच्या नियमाने करता येतो. घोट्याच्या सांध्यापासून चवड्याचे अंतर साधारण १२ सेंटिमीटर आणि कंडरेचे ५ सेंटिमीटर धरू. शरीराचे वजन १४० किलो असेल, तर कंडरेवरचा ताण १४० × १२ ÷ ५, म्हणजे ३३६ किलो वजनाइतका होतो. हे झाले नुसते उभे राहण्याचे. समोरच्याला रेटताना किंवा झेप घेताना तो आणखी वाढतो.

ही कंडरा तुटली तर टोके जुळवता येतात. पण नवी ऊती मुरायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. कंडरा भरून येताना किंचित लांबली, तर पोटरीचा स्नायू चांगला असूनही टाच पूर्वीइतकी उंच उचलली जात नाही. ढिल्या दोराने घंटा वाजवण्यासारखेच ते आहे. म्हणून तपासणाऱ्याने टाच किती वेळा उचलली एवढेच न मोजता किती उंच उचलली हेही मोजावे लागते.

गुडघ्यातील लिगामेंटचे वेगळे. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधते. गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट तुटले तर बहुधा शरीरातीलच दुसऱ्या कंडरेचा तुकडा तिथे बसवतात. त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरून तो पक्का व्हायला बरेच महिने जातात. सूज उतरते, दुखणे थांबते, माणूस पळू लागतो. आतला तुकडा मात्र अजून कच्चा असू शकतो. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अशा शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितके गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटत गेले. त्या अभ्यासातले खेळाडू लाइनमन नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी ‘आता दुखत नाही’ हा निकष पुरेसा नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

नव्वद टक्के, पण कशाचे?

पाय कितपत सावरला हे ठरवण्यासाठी दुखावलेल्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करतात. गुडघा सरळ करताना दोन्ही पायांचा जोर यंत्रावर मोजायचा आणि गुणोत्तर काढायचे. ते ९० टक्क्यांवर गेले की पाय तयार झाला, असा निकष अनेक ठिकाणी वापरतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. आठ महिन्यांनी चांगल्या पायाचा जोर २०० एकक भरला आणि दुखावलेल्या पायाचा १८०. गुणोत्तर ९० टक्के. खेळाडू उत्तीर्ण.

पण या आठ महिन्यांत चांगल्या पायालाही पुरता व्यायाम झालेला नाही. तोही अशक्त झाला आहे. दुखापतीपूर्वी दोन्ही पायांचा जोर २४० असेल, तर दुखावलेला पाय आज पूर्वीच्या ७५ टक्क्यांवरच आहे. अंश तोच, छेद बदलला आणि निकाल उलटा झाला.

मग छेदात २४० का घालू नये? कारण तो आकडा कुणीतरी आधी मोजून ठेवलेला असावा लागतो. नावाजलेल्या खेळाडूची मापे वर्षानुवर्षे नोंदलेली असतात, शेकडो चालींच्या चित्रफिती असतात. न निवडलेल्या खेळाडूच्या बाबतीत अनेकदा यांतले फारसे काही नसते. इथेच त्याच्या परीक्षेतली खरी अडचण आहे. ‘हा मुळात किती चांगला होता?’ आणि ‘त्यातले किती परत आले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर धूसर असेल तर दुसऱ्याचेही धूसर राहते. मग मैदानावर तो थोडा मंद दिसला, की मंदपणा दुखापतीचा की मूळचाच, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. बहुतेक वेळा तो मूळचाच समजला जातो.

पंचवीस चालींचा पुरावा

हंगामापूर्वी बहुतेक संघ तीन सरावसामने खेळतात. अशा खेळाडूच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच चाली येतात. समजा, एकाला २५ चाली मिळाल्या. तेवढ्यावरून काय सांगता येईल?

दोन खेळाडू कल्पू. पहिला सरासरीने १०० पैकी ९५ चालींत आपले काम करतो, दुसरा ८५ चालींत. हा फरक मोठा आहे. पहिल्याच्या हातून २० चालींत एकदा चूक होते, तर दुसऱ्याच्या हातून तीनदा. दोघांनाही २५-२५ चाली दिल्या तर पहिलाच सरस दिसेल असे आपल्याला वाटते. पण संभाव्यतेचा हिशेब केला तर साधारण सहापैकी एका वेळी दुसरा त्याच्या बरोबरीने किंवा त्याच्यापेक्षा चांगला दिसतो. दोघांना २००-२०० चाली दिल्या तर मात्र असे हजारात एखाद्या वेळीही क्वचितच होईल.

हे वर्गात करून पाहता येते. दोन पिशव्या घ्या. दोन्हींत वीस-वीस चिंचोके टाका. पहिल्या पिशवीतल्या एका चिंचोक्यावर आणि दुसऱ्या पिशवीतल्या तीन चिंचोक्यांवर खडूने खूण करा. न पाहता एक चिंचोका काढायचा, खूण आहे का ते नोंदवायचे, चिंचोका परत टाकायचा आणि पिशवी हलवायची. असे प्रत्येक पिशवीसाठी २५ वेळा करा. खुणेचे चिंचोके कमी आले ती पिशवी ‘चांगली’. वर्गात आठ-दहा गट केले तर एखाद-दुसऱ्या गटाला चुकीची पिशवी चांगली वाटण्याचा संभव बराच असतो. त्या गटाने काहीही चुकीचे केलेले नसते. त्यांचा नमुनाच लहान असतो.

पीटर्सची गोष्ट काय सांगते, काय सांगत नाही

जेसन पीटर्स हा अर्कान्सॉ विद्यापीठाचा खेळाडू. तिथे तो झेलही घेणाऱ्या टाइट एंड या जागेवर खेळायचा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. बफेलो बिल्स संघाने त्याला थेट करारावर घेतले, सुरुवातीला सराव-चमूत ठेवले आणि पुढे टॅकल बनवले. २००९ साली फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याच्या बदल्यात इतर निवडींबरोबर पहिल्या फेरीतली एक निवडही देऊ केली. पाच वर्षांपूर्वी सातही फेऱ्यांत कुणी न घेतलेल्या खेळाडूची ही किंमत होती.

मार्च २०१२ मध्ये त्याची टाचेची कंडरा तुटली. शस्त्रक्रियेनंतर मे महिन्यात तीच पुन्हा तुटली. ते सगळे वर्ष गेले. २०१३ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी तो परतला, सोळाही सामने सुरुवातीपासून खेळला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. त्याच फळीचा सेंटर जेसन केल्सी हाही २०१२ साली गुडघ्याचे लिगामेंट तुटून बाहेर गेला होता. तोही २०१३ मध्ये सोळाही सामने खेळला. मॅकॉयचे १,६०७ यार्ड याच फळीमागचे.

यावरून ‘जिद्द असली की माणूस परततो’ असा निष्कर्ष काढावासा वाटतो. आम्ही तो काढणार नाही. पीटर्सची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली, कारण तो परतला. जे परतले नाहीत त्यांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही. फक्त यशस्वी उदाहरणे मोजून यशाचे प्रमाण काढता येत नाही. दुसरे असे, की २०१२ सालचा पीटर्स अनोळखी नव्हता. त्याच्या आठ हंगामांची नोंद संघासमोर होती, म्हणून संघ एक वर्ष थांबू शकला. २००४ साली हीच कंडरा तुटली असती तर कुणी किती थांबले असते?

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. २०१८ मध्ये तो सोळाही सामन्यांत सुरुवातीला मैदानावर उतरला, पण काही सामन्यांतून त्याला मधूनच बाहेर यावे लागले. ‘१६ पैकी १६’ ही नोंद खरी असूनही अपुरी आहे. काय मोजले आहे हे विचारल्याशिवाय आकडा वाचू नये, ते यासाठीच.

वेळ कुणाला मिळतो?

१९९५ साली बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहसंशोधक होआंग यांनी अमेरिकेतील बास्केटबॉल लीगचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंची प्रत्यक्ष कामगिरी आणि दुखापती हिशेबात धरूनही असे दिसले, की ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना खेळायला जास्त वेळ मिळतो आणि ते लीगमध्ये जास्त काळ टिकतात. ज्याच्यावर जास्त खर्च केला त्याला जास्त संधी. जास्त संधी म्हणजे जास्त नोंदी, आणि जास्त नोंदी म्हणजे खराब दिवस भरून काढायला जागा. ज्याच्याकडे २५ चालीच आहेत, त्याला एक खराब दुपारही महागात पडते.

याचा परिणाम खेळाडूच्या बोलण्यावरही होतो. जागा पक्की असलेला खेळाडू ‘अजून दुखते’ असे सांगू शकतो. ज्याची जागा डळमळीत आहे तो दुखणे लपवतो, कारण सांगितले तर यादीबाहेर जाण्याची भीती. म्हणजे ज्याच्याबद्दल माहिती सर्वांत कमी, त्याचीच माहिती सर्वांत कमी भरवशाची. घाईने त्याला उतरवले तर पाय कायमचा जाऊ शकतो, आणि घाईने वगळले तर त्याची उपजीविका जाते. दोन्ही चुका खऱ्या आहेत. एक टाळायला निकष कडक केला की दुसरीचा संभव वाढतो.

मग पारख करायची कशी? ‘मुळात किती’ आणि ‘परत किती’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. जुन्या चित्रफिती आणि महाविद्यालयातल्या नोंदी शोधून छेद मिळवावा. गुणोत्तराबरोबर मूळ आकडाही पाहावा. मोजणी एकदा न करता निरनिराळ्या दिवशी करावी; थकल्यावर करावी, आणि दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला का तेही पाहावे. किती जमले म्हणजे पुरे, हे मोजण्याआधीच लिहून ठेवावे. आणि पुरावा थोडा असेल तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘अजून ठरवता येत नाही’ असे लिहिण्याची मुभा ठेवावी. एनएफएलच्या नियमांत याची थोडी सोय आहे. दुखापतींच्या यादीवरचा खेळाडू सरावाला परतला, की २१ दिवसांत त्याला मुख्य यादीत घ्यायचे की नाही हे ठरवता येते. २१ दिवस फार नाहीत, पण एका दुपारपेक्षा ते कितीतरी बरे.

आपल्या वर्गात असा लाइनमन येणार नाही. पण दुसऱ्या गावाहून आलेली, कावीळ होऊन दोन महिने घरी राहिलेली मुलगी येते. तिच्या जुन्या शाळेतल्या वह्या आपण पाहिलेल्या नसतात. आणि आल्या आल्या तिला पंचवीस गुणांची घटक चाचणी द्यावी लागते. त्या गुणांपुढे शेरा लिहिण्याआधी छेद कोणता धरला आहे, एवढे स्वतःला विचारता येईल. चिंचोक्यांचा प्रयोग केलात तर किती गटांना चुकीची पिशवी चांगली वाटली, ते आम्हाला जरूर कळवा.